तयार नसलेला बंब

बंब फुटला तेव्हा सासूबाई न्हाणीत होत्या. पाटावर पाय पसरून बसल्या होत्या आणि पायांवर माझी मुलगी होती, चार महिन्यांची. मी स्वयंपाकघरात होते. आवाज आला असं म्हणवत नाही. कानात कुणी बोळा कोंबावा तसं झालं आणि फळीवरची सगळी भांडी खाली आली. मी धावले. न्हाणीच्या दाराला कडी नव्हती, तरी ते उघडेना. आत काहीतरी आडवं पडलं होतं. दाराखालून कढत पाणी बाहेर येत होतं आणि ते लाल होतं. आमचे हे अर्धी दाढी झालेल्या तोंडानं आले आणि दाराला खांदा लावून ढकलू लागले. मी सासूबाईंना हाका मारल्या. आतून उत्तर नाही. पोरीचंही रडणं नाही.

तेव्हा मी एका माणसाला मनातल्या मनात शिव्या दिल्या. आज त्याच माणसाबद्दल लिहायला बसले आहे, आणि शिव्या द्यायला नव्हे.

ते आमचे घरमालक. जयपूरला बनी पार्कात त्यांचं घर होतं, पुढं कडुनिंब, मागं पत्र्याचा कारखाना. मूळचे सांगलीकडचे. लष्कराच्या वर्कशॉपात नोकरी केली, जयपुरात निवृत्त झाले आणि तिथंच राहिले. एकटा जीव. आम्ही त्यांना काका म्हणायचो, गल्लीतले लोक बंबवाले बाबूजी म्हणायचे. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना चाललं नसतं. नाव तयार वस्तूवर घालायचं, असं ते म्हणत, आणि त्यांच्या हिशेबानं जगात फार थोड्या वस्तू तयार होत्या.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. यांची सरकारी नोकरी, बदली होऊन आम्ही साताऱ्याहून जयपूरला आलो. खोल्या बघायला गेलो तेव्हा काकांनी विचारलं, घर कसं वाटलं. हे म्हणाले, उत्तम आहे. मी तेव्हा नवीन होते, पण गप्प बसायची सवय मला कधीच नव्हती. मी सांगितलं, दाराची कडी घट्ट आहे, बोटं सोलून निघतील. पायरी उंच आहे, म्हातारं माणूस पडेल. आणि न्हाणीचा उतार उलटा आहे, पाणी मोरीकडे न जाता घरात येईल. हे माझ्याकडे डोळे वटारून बघू लागले. काका यांना म्हणाले, "घर मी यांना देतो. तुम्हीही राहा यांच्याबरोबर."

त्या घरात राहायची एक अट होती. काका नवीन काही बनवत आणि भाडेकरूच्या घरात आणून ठेवत. ते वापरायचं आणि तक्रार करायची. तक्रार नसेल तर घर खाली करायचं. आमच्या आधी तिथं पुण्याचे एक बँकेतले गृहस्थ राहत होते. फार सभ्य. काहीही विचारलं तरी छान आहे, छान आहे म्हणायचे. काकांनी त्यांना जायला सांगितलं. "त्या माणसाच्या हातात सहा महिने विजेची घंटा शॉक देत होती," काका मला म्हणाले, "आणि तो बोलला नाही. असल्या माणसाचा मला काय उपयोग?"

आमच्यात त्यांना खरा उपयोग झाला तो सासूबाईंचा. माझ्या सासूबाईंच्या हातून वस्तू टिकत नसे. नळ पिळून पिळून तोडायच्या, बटण दाबायचं असेल तर बुक्की मारायच्या. काका रोज सकाळी दारात उभे राहून आदरानं विचारायचे, "मावशी, आज काय मोडलंत?" सासूबाईंना आधी राग यायचा. एक तर मावशी म्हटल्याचा. "तुम्ही माझ्याहून मोठे असाल, मावशी कसली म्हणता?" आणि दुसरा मोडतोडीचा. पण मोडलेलं बघून हा माणूस खूश होतो हे कळल्यावर त्या स्वतःहून सांगू लागल्या. कुणीतरी आपल्या हाताचं कौतुक करतंय हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

काकांच्या इतरही तऱ्हा होत्या. जेवायचे उभ्यानं. मे महिन्यात कानटोपी घालायचे, डोक्याला ऊन लागू नये म्हणून, आणि जानेवारीत काढून ठेवायचे. कारखान्यात दोन कारागीर होते, त्यांना ते सकाळी कामाला लावायचे आणि दुपारी स्वतःच चुपचाप जाऊन मेन स्विच पाडायचे. लाईट अचानक गेली तर काय होतं ते बघायला. जयपुरात त्या काळी लाईट आपण होऊन भरपूर जायची, त्यांनी वेगळी पाडायची गरज नव्हती, हे मी त्यांना सांगितलं होतं.

मुख्य काम मात्र विजेच्या बंबाचं. आपल्याकडे तांब्याचा बंब असतो तसाच, पण खाली जाळ नाही, आत विजेचा गज. वर पाणी ओतायचं तोंड, त्याला फिरकीचं झाकण, शेजारी वाफ जायला एक बारीक तोंड. पाणी तापलं की वीज आपोआप तोडणारी एक पट्टी आत होती. तिला ते चौकीदार म्हणायचे. झोटवाड्याच्या रस्त्यावर एका शेठजींनी आपल्या आईच्या नावानं बाळंतिणींचं हॉस्पिटल काढलं होतं. वॉर्डासाठी काकांचे दोन बंब घ्यायचे ठरले होते. शेठजींनी दिवाळीला उद्घाटन ठरवलं. काका म्हणाले, दिवाळीला देतो.

ते खोटं बोलत नव्हते. हे मला पुष्कळ उशिरा समजलं. मी चौथी शिकलेली, मला यंत्रातलं कळत नाही, पण स्वयंपाकातलं कळतं. पुरणपोळ्यांना किती वेळ लागेल असं बाईला विचारलं तर ती सगळं नीट झालं तर लागणारा वेळ सांगते. डाळ शिजली नाही, पुरण सैल झालं, गॅस संपला, हा वेळ ती सांगत नाही. सांगणार कशी? काय बिघडणार ते तिलाही ठाऊक नसतं. काकांचं तसंच व्हायचं. त्यांना माहीत असलेल्या कामाचे दिवस ते मोजायचे. माहीत नसलेलं काम त्यानंतर यायचं.

आधी जयपूरच्या पाण्यानं घोळ घातला. पाणी खारं; गजावर पांढरी खपली धरायची आणि गज जळायचा. म्हणून जाड गज आणला. जाड गजाला वीज जास्त लागली तर तारा तापू लागल्या. तारा बदलल्या तर चौकीदाराला ते झेपेना. चौकीदार मुंबईहून मागवलेला, तो मुंबईच्या विजेला सरावलेला. आमच्याकडे संध्याकाळी दिवा मिणमिणायचा आणि पहाटे डोळे दिपायचे. मी एकदा विचारलं, एक गज बदलायला दोन महिने कसे लागतात? काका म्हणाले, "वहिनी, हे एकत्र कुटुंब आहे. एक सून नवीन आली की घरातल्या सगळ्यांना आपापल्या जागा बदलाव्या लागतात."

मी म्हटलं, मग सून आणू नका. ते म्हणाले, जुनी जळाली होती ना.

दिवाळी झाली. बंब गेले नाहीत. शेठजी टांग्यातून आले आणि कडुनिंबाखाली उभे राहून बोलले. सगळ्या गल्लीनं ऐकलं. "बाबूजी, मेरी माँ के नाम का अस्पताल है. पत्थर लग गया, पर्दा हट गया, और औरतें ठंडे पानी से नहा रही हैं. आपको शर्म नहीं आती?"

काका म्हणाले, "आती है." एवढंच. शेठजी परत टांग्यात जाऊन बसले.

त्याच आठवड्यात आम्ही बाजारातून घरी आलो तर न्हाणीत छातीइतकी उंच विटांची भिंत उभी. भिंतीपलीकडे बंब, अलीकडे आमची आंघोळीची जागा, मधून नळ काढलेला. वर्षभर तो बंब काकांच्या न्हाणीत होता, पण एकटा माणूस, दोन तांबे अंगावर घेणारा, त्याच्या हातून काय मोडणार? म्हणून तो आमच्याकडे आला. अर्धी न्हाणी गेली. सासूबाईंनी कोपर आपटून घेतलं आणि बाहेर येऊन काकांना धरलं.

"ही भिंत कशाला?"

"बंब तयार नाही म्हणून."

"तयार नाही तर आमच्या घरात कशाला आणलात?"

"तयार व्हायला."

"आणि भिंत कधी पाडणार?"

"तो तयार झाला की."

सासूबाई म्हणाल्या, माझं थडगं आधीच बांधून ठेवलंय या माणसानं. पुढं महिनोन्महिने त्या भिंतीला थडगंच म्हणायच्या. थडग्यावर टॉवेल ठेव, थडग्यावरचा साबण दे. आज कुणी भाडेकरूच्या घरात असं काही आणून ठेवलं तर पोलीस येतील. तेव्हा आम्हाला गरम पाणी फुकट मिळत होतं, म्हणून आम्ही राहिलो. उगाच मोठेपणा सांगत नाही.

जानेवारीत मी बाळंत झाले, त्याच हॉस्पिटलात. जयपूरची थंडी ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून उपयोग नाही. फरशीवर पाय ठेवला तर भाजल्यासारखं होई. गरम पाणी मागच्या अंगणात चुलीवर तापायचं आणि बादलीतून वॉर्डापर्यंत येईतो कोमट, मग गार. माझ्या शेजारच्या खाटेवर एक मुलगीच होती, पहिलटकरीण, ती पुसून घेताना दात वाजवत रडायची. नर्स म्हणायची, बंब आने वाले हैं, दिवाली से सुन रहे हैं. बंब कुणाचा आहे हे मी तिला सांगितलं नाही. लाज वाटली.

काका मला बघायला आले. पोरीकडे त्यांनी नुसतं बघितलं आणि सरळ जाऊन बादलीत हात घातला. मी पडल्या पडल्या त्यांना बोलले. म्हटलं, घरी आमच्या सासूबाई कढत पाण्यानं न्हातायत आणि इथं ओल्या बाळंतिणी गारठतायत. तुमची भिंत आणि तुमचा चौकीदार घाला चुलीत. द्या बंब.

ते म्हणाले, "तुमचं खरं आहे, वहिनी. या बायका कापतायत ते मला दिसतंय. दुसरं अजून दिसत नाही."

"दुसरं काय?"

"ते दिसलं असतं तर बंब दिवाळीलाच दिले असते."

मी तोंड फिरवलं. मला वाटलं, म्हातारा कामाचा नाही, नुसता बोलतो. घरी आल्यावरही मी त्यांच्याशी धड बोलत नव्हते. ते मात्र रोज दारात उभे राहून विचारायचे, मावशी, आज काय मोडलंत?

उन्हाळा लागला. तोवर बंबानं थंडी पाहिली, खारं पाणी पाहिलं, जाणारी येणारी वीज पाहिली. सासूबाईंच्या बुक्क्या खाल्ल्या. पोरीला रोज तेल लावून कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, मग बाहेर लू का वाहत असेना, हा सासूबाईंचा नेम. त्यामुळं बंबाला मे महिन्यातही सुट्टी नव्हती. काका म्हणाले, आता एकच राहिलं. एक आंधी, इकडचं धुळीचं वादळ, जाऊ दे. शेठजींना त्यांनी तसा शब्द दिला: आंधी झाली की दुसऱ्या दिवशी बंब लावतो. शेठजी म्हणाले, पुढं म्हणाल भूकंप होऊ दे. पण कबूल झाले.

आंधी आली ती संध्याकाळी. आकाश आधी पिवळं, मग तांबडं, मग दिसेनासं झालं. दारं खिडक्या लावल्या तरी दातांत वाळू येते. वीज गेली. आंधी ओसरल्यावर ती आली ती अशी जोरात की स्वयंपाकघरातला दिवा पांढरा होऊन फुटला. काका कंदील घेऊन धावत आले, बंबाची वीज चालू केली आणि भिंतीला टेकून उभे राहिले. पाणी तापलं आणि चौकीदारानं टक् करून वीज तोडली. तो आवाज मीही ऐकला. काकांनी टोपी काढली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. म्हणाले, "झालं, वहिनी. उद्या बायकांना गरम पाणी."

सकाळी ते दोन नवे बंब हातगाडीवर घालून झोटवाड्याकडे गेले. इथं आमच्या न्हाणीत सासूबाईंनी बंब चालू केला, घंगाळ भरून घेतलं, नळ बंद केला आणि पोरीला पायांवर घेतलं.

दार शेवटी अर्धं उघडलं. यांना आत शिरता येईना, मी बारीक होते, मी शिरले. लाल पाणी विटांच्या चुऱ्याचं होतं. भिंतीचा वरचा भाग खाली येऊन दाराला अडला होता. छपराचा पत्रा फाटून वर आकाश दिसत होतं आणि बंबाचा अर्धा तांब्याचा पत्रा भिंतीच्या पलीकडच्या अंगात रुतला होता, सासूबाईंच्या डोक्याच्या अगदी मागे. भिंतीच्या अलीकडे, खालच्या उरलेल्या विटांना पाठ लावून, त्या वाकून बसल्या होत्या. मी हात लावला तेव्हा त्यांनी वर पाहिलं. मी काहीतरी बोलत होते आणि त्या माझ्या तोंडाकडे नुसत्या बघत होत्या. त्यांना ऐकूच येत नव्हतं. पोर त्यांच्या पोटाशी होती. तिनं एकदा श्वास घेतला आणि मग असं भोकाड पसरलं की मी त्या पाण्यातच बसले.

यांनी सायकल काढली आणि झोटवाड्याचा रस्ता धरला. हे पोचले तेव्हा दोन्ही बंब वॉर्डात लागले होते. तिथं भिंत नव्हती; भिंतीला जागा नाही असं शेठजींनी आधीच सांगितलं होतं. एका बंबाचं बटण दाबायला शेठजींना बोलावलं होतं आणि ते हात धुवून येत होते. काकांनी यांचं ऐकलं, दोन्ही बंबांच्या तारा हातानं ओढून तोडल्या आणि यांच्या सायकलच्या दांडीवर बसून घरी आले.

न्हाणीत ते उकिडवे बसून विटा उपसू लागले. चौकीदार सापडला. त्याची टोकं एकमेकांना चिकटून गेली होती. आदल्या संध्याकाळच्या विजेनं ती पोळली, एकदा सुटली, दुसऱ्यांदा सुटली नाही. पण तेवढ्यानं बंब फुटत नाही, ते म्हणाले, वाफ तोंडातून गेली असती. मग त्यांनी वाफेचं बारीक तोंड शोधून काढलं. त्यात चिंधी होती, घट्ट पिळून कोंबलेली, वर मातीचा थर.

तोवर सासूबाईंना मोठ्यानं बोललेलं थोडं ऐकू येऊ लागलं होतं. काकांनी चिंधी दाखवली. त्या म्हणाल्या, "आंधी आली तेव्हा घातली. आत धूळ गेली असती. साताऱ्याला बंबाच्या तोंडाला आम्ही रोज बोळा घालायचो, राख पडू नये म्हणून."

हे आईवर ओरडले. इतक्या वर्षांत मी यांना आईवर ओरडताना ऐकलं नव्हतं. काकांनी यांचा दंड धरला. म्हणाले, "त्यांनी नाही, मी केलं हे. चिंधी जाईल असं तोंड मी ठेवलं. आणि काल मी चौकीदाराचा आवाज ऐकला, तोंड बघितलं नाही. घाई झाली होती मला." मग सासूबाईंकडे वळून मोठ्यानं विचारलं, "मावशी, सगळ्या बायका अशा चिंध्या कोंबतात?"

"ज्यांना घर स्वच्छ ठेवायचंय त्या कोंबतात."

त्या दुपारी कानटोपी घालून काका बनी पार्कातल्या घरोघरी गेले आणि बायकांना विचारत सुटले की काल तुम्ही कशाकशात चिंध्या घातल्या. मोरीच्या भोकात, कुलपाच्या भोकात, रेडिओच्या पाठीत, एका घरी तर पाण्याच्या नळातसुद्धा. परत आले आणि म्हणाले, मी चार ऋतू मोजले, बायका मोजल्या नाहीत.

त्यांना पुन्हा वर्ष गेलं. वाफेचं तोंड त्यांनी असं केलं की भोवती झालर आणि झालरीखाली सगळीकडून भोकं. सासूबाईंना मुद्दाम चिंध्यांचं गाठोडं देऊन बसवलं आणि सांगितलं, बंद करून दाखवा. त्या दुपारभर झटल्या. जमलं नाही. काकांनी त्यांना नारळ दिला. एकाचे दोन चौकीदार झाले. शेठजी पुन्हा एकदा भांडायला आले होते. काकांनी त्यांना आमच्या न्हाणीत नेलं आणि छपराचं भोक दाखवलं. नंतर तारीख विचारायला ते आले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात बंब वॉर्डात लागले आणि ते तिथं पुष्कळ वर्षं चालले. माझा मुलगा तिथंच झाला, तेव्हा मी त्या पाण्यानं न्हाले. कढत होतं. बंबावर तांब्याच्या पट्टीवर काकांचं नाव होतं. मी वाचलं आणि नर्सला सांगितलं, हे आमचे घरमालक.

वॉर्डात बंब लागले त्या दिवशी काका घण घेऊन आमच्या न्हाणीतली उरलेली भिंत पाडायला आले. सासूबाई आडव्या आल्या. म्हणाल्या, राहू द्या, टॉवेल ठेवायला बरी पडते.

"मावशी, बंब तयार आहे आता. भिंत ठेवली तर माझा अपमान आहे."

"मग अर्धी पाडा."

त्यांनी अर्धी पाडली. आमची बदली झाली तोवर ती तशीच होती.

मी सहसा कुणाचे आभार मानत नाही. ज्यानं त्यानं आपलं काम करावं, त्यात आभार कसले, असं मला वाटतं. काकांनी त्यांचं काम केलं, उशिरा केलं, आणि झालं नाही तोवर ते झालं असं म्हटलं नाही. एकदाच म्हटलं, आणि त्या दिवशी त्यांचीच भिंत मधे होती. जयपूर सोडताना मी त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, पायरी अजून उंच आहे, सांभाळून उतरा.

काका जाऊनही आता फार वर्षं झाली. सासूबाई त्या सकाळनंतर पुष्कळ वर्षांनी, म्हाताऱ्या होऊन, अंथरुणात, माझ्याशी भांडून गेल्या. डाव्या कानानं त्यांना शेवटपर्यंत कमी ऐकू यायचं. मुलगी स्वतः आजी झाली आहे. वॉर्डात त्या सकाळी काही बाळंतिणी होत्या आणि त्यांच्या कुशीत त्यांची मुलं होती. किती होत्या मला माहीत नाही. त्यांना कुणी काही सांगितलं नाही, आणि त्या सगळ्या घरी गेल्या.